निकालानंतरची परीक्षा

(दहावी १९९८ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

व्यासपीठावर बसलेले आपले सर आणि बाई, आणि समोर सतरंजीवर हट्टाने पूर्वीसारखेच मुलं एकीकडे, मुली एकीकडे बसलेले माझे वर्गमित्र आणि मैत्रिणी,

संयोजकांनी मला आयटीतल्या गमतीजमती सांगायला बोलावलं होतं. त्या गमतींना माझ्या कंपनीतलेही कोणी हसत नाही, म्हणून मी विषय बदलून मागितला. आपली मुलं आता बारावीच्या आसपासच्या वयाची झाली आहेत. जून उजाडला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो : नीटचा निकाल तर लागला, आता पुढे काय करायचं? आज याच प्रश्नावर बोलते. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. पण वैद्यकीय प्रवेशाची ही सगळी प्रक्रिया आता संगणकावर चालते, आणि संगणक काय करतो, काय करत नाही, हे सांगण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत. शिवाय यंदा माझ्या भाचीचा अर्ज पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत मी जवळून पाहिला.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. आपल्या भागातली मुलं परीक्षेत जेवढी मागे पडतात, त्याहून जास्त ती परीक्षेनंतरच्या दोन महिन्यांत मागे पडतात. परीक्षेतलं मागे पडणं सुधारायला वर्षं लागतील. दुसरं मात्र आपण, या सतरंजीवर बसलेले लोक, पुढच्या जूनपर्यंत थांबवू शकतो.

आधी निकाल म्हणजे काय, ते पाहू. नीट ७२० गुणांची. २०२४ साली सुधारित निकालानंतरही १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ चा पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ गुण पडले. म्हणजे गेल्या वर्षीचे गुण आणि यंदाचे गुण यांची तुलना करणं हे शेरभर ज्वारीची लिटरभर दुधाशी तुलना करण्यासारखं आहे. "शेजारच्याच्या पोराले मागच्या साली इतके होते, त्याले लागलं, मंग आपल्याले काहून नाही?" हा हिशेब घराघरांत होतो आणि तो चुकीचा असतो. पाहायचा तो क्रमांक. देशातला क्रमांक गुणपत्रिकेवर असतो. राज्याची नोंदणी झाली की राज्य गुणवत्ता क्रमांक वेगळा मिळतो. मागच्या वर्षी कुठलं कॉलेज कुठल्या क्रमांकावर बंद झालं, हे त्याच्याशी ताडून पाहायचं.

दुसरी गोष्ट, गुणपत्रिकेवर "पात्र" असं आलं की घरात पेढे वाटले जातात. वाटावेत. पण २०२५ ला सुमारे २२ लाख मुलांनी परीक्षा दिली आणि १२ लाखांहून जास्त पात्र ठरली. खुल्या गटाची पात्रता १४४ गुणांवर होती. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास. पात्र होणं म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी मिळणं.

आता ही रांग एक नाही, दोन आहेत, आणि इथेच पहिला घोळ होतो. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा देशपातळीवर भरल्या जातात. ते काम दिल्लीची वैद्यकीय समुपदेशन समिती करते, तिला सगळे एमसीसी म्हणतात. नागपूरच्या एम्ससह सगळी एम्स आणि अभिमत विद्यापीठं तिच्याचकडे. उरलेल्या ८५ टक्के जागा आपल्या राज्याचा सीईटी कक्ष भरतो. दोन्हीकडे नोंदणी वेगळी, शुल्क वेगळं, तारखा वेगळ्या. नीटचा अर्ज भरला म्हणजे सगळं झालं, असं समजून नोंदणीची मुदत घालवलेली मुलं मला ठाऊक आहेत. परीक्षेत कमी पडली असती तर मनाची समजूत तरी घातली असती.

इथे आपल्यापैकी जे पुणे सोडून बंगळूर-हैदराबादला गेले, त्यांच्यासाठी एक सूचना. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी महाराष्ट्राचा अधिवास तर लागतोच, पण मुलाची दहावी आणि बारावीही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. सरकारी नोकरीतल्या बदलीसारखे थोडे अपवाद आहेत. खासगी नोकरी त्यात बसत नाही. आजोबांची शेती रिद्धपूरला आहे, घरी वऱ्हाडी बोलतो, हे सगळं खरं असलं तरी चालत नाही. मुलगा नववीत असतानाच याचा विचार करा.

आपल्या वेळेपेक्षा आता काय बदललं, तेही सांगायला हवं. आपण शाळेत होतो तेव्हा जिल्ह्यात वैद्यकीय कॉलेज म्हणजे अमरावतीचं १९८४ साली निघालेलं पंजाबराव देशमुख महाविद्यालय, तेही खासगी. सरकारी पाहिजे तर यवतमाळ, नाही तर नागपूर. अकोल्याचं सरकारी कॉलेज २००२ ला आलं. आणि २०२४ ला अमरावती, वाशीम आणि बुलडाणा या तिन्ही ठिकाणी एकदम सुरू झाली, प्रत्येकी १०० जागांची. आज अमरावती विभागातल्या पाचही जिल्ह्यांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्या आईवडिलांना हे सांगितलं असतं तर त्यांना खरं वाटलं नसतं.

पण त्याच वेळी दुसरं एक दार बंद झालं. पूर्वी विदर्भातल्या कॉलेजांतल्या ७० टक्के जागा विदर्भातल्याच मुलांना असत. हे ७०:३० चं सूत्र २०२० साली रद्द झालं. आता अमरावतीच्या जागेसाठी लातूरचा, पुण्याचा, कोल्हापूरचा मुलगा आपल्या मुलाच्या बरोबरीने रांगेत असतो. योग्य की अयोग्य, हा वाद आज नको. घराजवळ कॉलेज आलं म्हणून जागा आपली झाली असं नाही, एवढंच लक्षात ठेवायचं.

आता कागदपत्रं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, नीटचं प्रवेशपत्र आणि गुणपत्रिका, अधिवास, आधार, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला हे बहुतेकांना माहीत असतं. अडतं ते आरक्षणाच्या कागदांपाशी. जातीचं प्रमाणपत्र एसडीओ ऑफिसातून मिळतं, पण प्रवेशाला तेवढ्याने भागत नाही. जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि ते चार दिवसांत सेतू केंद्रातून मिळणारा कागद नव्हे. पडताळणी समिती पुरावा मागते, तोही जुना. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा. एवढ्या जुन्या काळी आपल्या आजोबा-पणजोबांची नोंद असणार कुठे? एक कोतवाल पंजीत, आणि दुसरी शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात.

सर, म्हणून हे तुमच्यासमोर सांगते आहे. शाळेच्या कपाटातलं ते पिवळं पडलेलं, कोपरे कुरतडलेलं रजिस्टर म्हणजे कोणाच्या तरी नातीची डॉक्टरकी आहे. ते जपून ठेवणाऱ्या लिपिकांचे आभार आजपर्यंत कुठल्याही समारंभात मानलेले मी ऐकले नाहीत. आज मानते.

हे वैधता प्रमाणपत्र अकरावीतच मागायचं. बारावीच्या परीक्षेनंतर नाही आणि नीटच्या निकालानंतर तर नाहीच. नॉन क्रीमी लेयरचा दाखला पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा हवा. आणि एमसीसीकडे इतर मागासवर्गातून अर्ज करायचा तर केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा लागतो. राज्याची यादी आणि केंद्राची यादी तंतोतंत एक नाहीत. एखाद्या मुलाला राज्यात आरक्षण आहे आणि दिल्लीच्या रांगेत तो खुल्या गटात आहे, असं होऊ शकतं.

आपल्या पंचक्रोशीतल्या एका मुलाची गोष्ट. नाव सांगत नाही, पण गुण चांगले, घर शेतकऱ्याचं, संत्र्याचा बगिचा. वैधता नव्हती. वडील दोन महिने मोर्शी-अमरावती एसटीने फिरले. तोवर मुलगा खुल्या गटात धरला गेला आणि जागा हुकली. पुढच्या वर्षी त्याने परत परीक्षा दिली. एक वर्ष, लाखाच्या वर शिकवणीचा खर्च, आणि हे सगळं एका कागदासाठी, जो दोन वर्षं आधी मागितला असता तर घरी येऊन पडला असता.

आता माझ्या प्रांतातली गोष्ट, पसंतीक्रम. कॉलेजांची यादी आपण क्रमाने भरायची, आणि मग संगणक जागा वाटतो. या वाटपाबद्दल जेवढ्या दंतकथा आहेत तेवढ्या भुताखेतांबद्दल नसतील. सगळ्यात पक्की दंतकथा ही : "पयल्या नंबरावर मोठं कॉलेज टाकलं अन् ते नाही भेटलं, त म्हंजे हातचं लहानही जाते." या भीतीने लोक आपल्याला "मिळेल असं" कॉलेज वर टाकतात आणि मनातलं खाली.

संगणक प्रत्यक्षात काय करतो, ते अगदी साधं आहे. गुणवत्ता यादीतला पहिला मुलगा घेतो. त्याची यादी वरून खाली वाचतो. पहिलं कॉलेज रिकामं आहे? दिलं. नाही? दुसरं पाहा. तिसरं पाहा. त्या मुलाचा निकाल लागला की मगच पुढच्या क्रमांकाच्या मुलाकडे जातो. म्हणजे तुमची पाळी आली की तुमची पूर्ण यादी एका दमात वाचली जाते. पहिले दहा पर्याय भरलेले निघाले तरी अकरावा तुमच्या मागच्याला आधी मिळत नाही. तुम्ही कशाला पहिलं म्हटलं, हे तुमच्याखेरीज कोणाच्याही वाटपात धरलं जात नाही. पंगतीत वाढपी तुमच्यासमोर आला, तुम्ही जिलेबी मागितली, ती संपली, मग तुम्ही बुंदी मागितली. जिलेबी आधी मागितली म्हणून तो बुंदी नाकारत नाही, आणि तुमचं ताट वाढून झाल्याशिवाय पुढच्या पानाकडेही जात नाही.

म्हणून नियम एकच : जे मनापासून हवं ते वर, त्याहून कमी हवं ते खाली, आणि जिथे जायचंच नाही ते यादीत नकोच. यात कसली युक्ती नाही. युक्ती आहे असं सांगून कोणी पैसे मागत असेल तर ते देऊ नका.

पण "मनापासून हवं" म्हणजे कोणाच्या मनापासून? माझ्या भावाच्या घरी यावरून दोन रात्री कोणी धड जेवलं नाही. वहिनीचं म्हणणं, पोरगी अमरावती-अकोल्याच्या पुढे नको. भावाचं म्हणणं, नागपूरपर्यंत चालेल. भाची गप्प. दुसऱ्या रात्री मी पुण्याहून फोनवर होते, ती म्हणाली, "आत्या, गडचिरोली टाक. मले डॉक्टर व्हायचं आहे, घराजवळ नाही व्हायचं." वहिनी रडली. भाऊ उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. मी कोणाची समजूत घातली नाही, मला ती घालताही आली नसती. फक्त एवढं सांगितलं की, वहिनी, अमरावती वरच ठेवू, अकोला, यवतमाळ, नागपूर सगळं वर ठेवू. गडचिरोली खाली टाकलं म्हणून वरचं एकही कमी होत नाही. वरचं काहीच नाही मिळालं तरच ते येईल. आणि तेव्हा प्रश्न अमरावती की गडचिरोली असा राहणार नाही. गडचिरोली की काहीच नाही, असा असेल.

दुसऱ्या फेरीत गडचिरोलीच आलं. वहिनी स्वतः तिला सोडायला गेली. होस्टेलची खोली पाहिली, दोन दिवस राहिली, आणि परत येऊन आता गावभर सांगते की तिकडचे लोक फार चांगले आहेत.

जागा मिळाल्यावरही एक वळण आहे. मिळाल्या जागेवर समाधान असेल तर स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरून द्यायचा. मग पुढच्या फेरीत तुमचा विचार होत नाही. तो न भरता प्रवेश घेतला, तर पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळू शकतो. पण तो मिळाला की आधीची जागा आपोआप जाते आणि मागून परत मिळत नाही. हा निर्णय घरात बसून, शांतपणे घ्यायचा. कॉलेजच्या काउंटरवर, मागे चाळीस माणसं उभी असताना नाही. शिवाय कोणत्या फेरीनंतर जागा सोडली तर अनामत जाते, कोणत्या फेरीनंतर सोडताच येत नाही, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहायचं. नियम दरवर्षी थोडे हलतात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या शहाण्याचा सल्लाही तपासून घ्यायचा.

पैशाचंही बोलू. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ झालं. अट एवढी की प्रवेश सरकारी प्रवेशफेरीतून झालेला हवा. ज्यांच्या घरी "पोरीवर कायले एवढा खर्च" हे वाक्य अजून बोललं जातं, त्यांना हे सांगा. सरकारी कॉलेजातून शिकल्यावर एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते, ती टाळली तर दंड १० लाखांचा. हे आधीच माहीत असावं.

आणि दलाल. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात. भावाला इतके आले की त्याने संत्र्याच्या व्यापाऱ्याचा फोनही उचलणं बंद केलं. सगळ्यांचं बोलणं एकच : "मॅनेजमेंटची सीट आहे, आज टोकन द्या." लक्षात ठेवा, खासगी कॉलेजांतल्या संस्था कोट्याच्या जागाही नीटच्या गुणवत्तेनेच, प्रवेशफेरीतूनच भरतात. फी जास्त असते, पण रांग तीच. गुणवत्तेला वळसा घालून जागा देतो म्हणणारा माणूस खोटं बोलतो आहे.

एक बारीक गोष्ट, पण माझ्या धंद्यातली. अर्जात मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचा द्या, आणि तो फोन त्या दोन महिन्यांत मुलाजवळ असू द्या. भाचीच्या एका मैत्रिणीचा अर्ज नेट कॅफेत भरला. तिथल्या मुलाने सोय म्हणून स्वतःचाच ईमेल टाकला. पासवर्ड त्याच्याकडे, सूचना त्याच्याकडे, आणि तो लग्नाला परगावी. दोन दिवस पोरीचा जीव टांगणीला.

आता शेवटचं. आपलं गाव छोटं, पण मराठीच्या इतिहासात याचं नाव मोठं. म्हाइंभटांनी लीळाचरित्र इथे लिहिलं. महदाइसा इथे राहिली. आता मराठी भाषा विद्यापीठही इथे आलं आहे. लहानपणी ऐकलेली नागदेवाचार्यांची आठवण सगळ्यांना माहीत आहे. केशोबास संस्कृतात लिहीत होते, तेव्हा आचार्यांनी त्यांना थांबवलं, कारण संस्कृतात लिहिलं तर पंथातल्या साध्या म्हाताऱ्या बाया त्याला मुकतील. साडेसातशे वर्षांपूर्वी या मातीत ही काळजी कोणाला तरी होती. आज नीटचा पेपर मराठीत देता येतो, पण प्रवेशाची ती जाडजूड माहितीपुस्तिका वाचायला गावातली आई मुकतेच, कारण ती इंग्रजीत असते. दलालाची सगळी कमाई त्या पुस्तिकेच्या न वाचलेल्या पानांवर चालते.

म्हणून माझा प्रस्ताव असा. एक, दरवर्षी नवी पुस्तिका आली की आपल्यापैकी तिघंचौघं मिळून तिचा मराठी गोषवारा काढू, आठ-दहा पानांचा, आणि तो शाळेच्या फलकावर लावू. मी त्यात आहे. दोन, जुलैमधल्या दोन रविवारी शाळेच्या संगणक खोलीत बसून कोणाच्याही मुलाचा अर्ज फुकट भरून देऊ, त्याच्या स्वतःच्या ईमेलवर. तीन, आणि हे सरांना आणि बाईंना हात जोडून मागते : दहावीच्या निरोप समारंभातच प्रत्येक मुलाच्या हातात कागदपत्रांची यादी द्यावी, वैधता प्रमाणपत्र सगळ्यात वर लिहून. एमबीबीएसच नव्हे, बीएएमएस, नर्सिंग, फिजिओथेरपी, इंजिनिअरिंग, कृषी, कुठेही जायचं असो, ही यादी लागतेच.

यासाठी स्मारकनिधी नको, कोनशिला नको. दोन रविवार पाहिजेत. ज्यांना यायचं आहे त्यांनी जेवणानंतर माझ्याकडे नाव लिहून द्यावं. वही मी आणली आहे, आणि पहिलं नाव माझ्या वहिनीने आधीच लिहिलं आहे.

सर, बाई, तुमच्यासमोर एवढा वेळ उभं राहून बोलू दिलंत. पूर्वी हे फक्त शिक्षा म्हणून घडत असे.